लाटेची खूण

आमचं आत्ताचं मशीन धुणं संपलं की गाणं वाजवतं.
चांगलं अर्ध्या मिनिटाचं.
सून म्हणते, गोड आहे ना, बाबा?
गोड आहे.
पण एकदा लागलेलं दार मध्ये उघडत नाही ते.
मागे राहिलेला एक मोजा हातात घेऊन
मी काचेसमोर उभा राहतो
बस चुकलेल्या माणसासारखा.

चिंचिणीला एर्मेलिंदबायकडे होतं ते निराळं.
बाहरीनहून बोटीनं आलेलं, अठ्ठ्याहत्तर साली.
वास्कोहून टेम्पोत, सोबत दोन गाद्या
आणि वाटेत तडकलेला एक आरसा.
उचलायला चार माणसं लागली.
पोटात सिमेंटचा ठोकळा होता त्याच्या,
पिळताना जागचं हलू नये म्हणून.
तरी हलायचंच,
दर शुक्रवारी वीतभर, बाल्कांवाच्या दिशेनं,
आणि शनिवारी शेजारची पोरं त्याला ढकलून परत आत आणायची.
गावातला म्हातारा मडवळ मुद्दाम बघायला आला.
काचेत डोकावून म्हणाला,
"ह्या मशिनाक कोण धुता?"

मी मडगावहून जायचो, लँब्रेटावर.
सोबतचं पुस्तक इटालियनमध्ये,
म्हणून मी मशीन कानानं शिकलो.
टायमर मुठीएवढा. आत दातेरी चकत्या,
टिक टिक टिक, आणि मग एक जाड टक्,
की पाणी सुटलं समजायचं.
बटण फक्त उजवीकडे फिरे.
हवी ती खूण हुकली तर सगळा फेरा घालून या:
पांढरे कपडे, रंगीत, लोकरी,
कोमट, थंड, सगळ्यांवरून पुन्हा.
हाताखालच्या पोरांना सांगायचो, मागं ओढू नकोस रे,
दात मोडतील.
आणि दार? हिसका दिला की उघडायचं, केव्हाही.
ओंजळभर पाणी पायावर सांडे, एवढंच.

बांयचं पाणी तांबूस, त्यामुळे काचेला कायम चहाचा रंग.
गाळणीत सापडलेलं: शर्टाची बटणं,
तेर्साचा एक मणी,
पन्नास फिल्सचं नाणं
(ते तिनं माझ्या हातून जरा घाईनं घेतलं).

एकदा निरोप आला, "मशीन मदींच रावलां."
गेलो. अर्ध्या काचेपर्यंत पाणी,
पाण्यात एकच शर्ट, निळा, पुरुषाचा,
एक बाही काचेला टेकलेली.
पट्टा बघितला, पंप बघितला, फ्यूज.
सगळ्यात शेवटी बटणाकडे लक्ष गेलं.
काटा एका चित्रावर: टब, टबात एक लाट.
म्हणजे पाण्यात ठेव, पिळू नको,
मी सांगेपर्यंत थांब.
नाजूक कपड्यांसाठी केलेली सोय.
म्हटलं, बाय, हे बिघडलेलं नाही,
तुम्हीच इथं आणून ठेवलंय.
"म्हाका खबर आसा," म्हणाली,
आणि चहाचं आधण ठेवलं.

शर्ट कुणाचा, मी विचारलं नाही.
बाहरीनची पत्रं बंद झाल्याचं पोस्टमननं
अख्ख्या वाड्यावर केव्हाच वाटलं होतं.
निघताना पाच रुपये पुढे केले तिनं.
कशाचे?
येण्याचे.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी
ते मशीन बिघडायचं नाही
आणि मी जायचो.
बायकोला सांगायचो, पट्टा.

भंगारवाल्यानं नेलं तेव्हा टायमर तेवढा मागून घेतला.
स्क्रूंच्या डब्याशेजारी असतो.
वायरी तोडलेल्या, तरी फिरवला की टिकटिकतो,
आणि लाटेच्या खुणेशी आला की बोटाला कळतं:
तिथली खाच इतरांहून जरा खोल आहे.
कारखान्यातून तशीच आली असेल.
नसेलही.

खाली गाणं सुरू झालंय.
बाबा, उघडलं हो दार, सून हाक मारते आहे,
आणि मी तो मोजा
कुठे ठेवला, शोधतो आहे.