मागे मागे

नागचौकात ऊन अजून भिंतींवर होतं.
निमिष बाबाच्या खांद्यावर, शमी माझ्या कडेवर,
पायात एकच चप्पल.
दुसरी गर्दीनं कधी नेली कळलंच नाही.

रथाआधी दोर दिसला,
मग दोर ओढणारे घामेजलेले हात,
आणि रथाकडे तोंड करून
मागे मागे चालणारे बुवा.
"त्यांना पाठीला डोळे आहेत?" वरून प्रश्न.
"खड्डा आला की लोक सांगतात," बाबा म्हणाला.

शमीला रथाशी देणंघेणं नव्हतं.
तिला ती गुलाबी पिपाणी हवी होती,
आणि घेतल्यावर ती वाजेना.

गरुडाचा रथ नदीपलीकडे गेला,
रामाचा अलीकडेच थांबला.
"रामाला पाण्याची भीती वाटते?"
आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

परतताना शमी अडून बसली:
चालणार, पण कुणी धरायचं नाही.
गुलालानं माखलेला एक पाय, एक चपलेतला,
डुगडुगत निघाली.
मी तिच्याकडे तोंड करून
मागे मागे चालू लागले,
हात पुढे, पण न लावता.

खांद्यावरून निमिष ओरडला,
"आई, खड्डा!"