काटेवाल्याची वही

जिनिंगच्या काट्यावर बसून उकंडराव ढेंगळेनं
अख्खा न्यूझीलंड दौरा वहीत उतरवला.
पहाटे साडेतीनपासून, रेडिओ कानाशी, चेंडूगणिक.
टिंब म्हणजे धाव नाही. गोल म्हणजे नोबॉल.

मग बातमी आली :
तिसऱ्या कसोटीतला तो गोल
आदल्या रात्रीच ठरला होता,
हॉटेलात, कुणाच्या तरी कोटाच्या खिशात.

लबाडी त्याला नवी नाही.
पाणी मारलेला कापूस तो वासानं ओळखतो,
काट्याखालचा खडा बोटानं.
पण पाय कसा हुंगायचा
रेडिओवरून?

रविवारी आर्णीच्या पोट्ट्यांशी मॅच.
अंपायर तोच. चुन्याची रेष,
तुऱ्हाट्यांचे स्टम्प.
गोलू आत्रामचा पाय वीतभर बाहेर पडला,
उकंडरावनं हात आडवा केला
आन् बांधावरून आवाज आला,
"काकाजी, किती घेतले जी?"
सगळे हसले. गोलूही.

हात त्यानं खाली घेतला नाही.
शेळ्या पिचवरून गेल्या,
चेंडू नालीतून काढून पुसून झाला,
हात तसाच.

रात्री त्या दौऱ्याची पानं
उघडलीच नाहीत.
गावच्या मॅचचं पान काढलं,
गोलूच्या गोलाशेजारी
बारीक अक्षरात लिहिलं :
खरा.