बोनेट

तुर्भ्याच्या गॅरेजात बावीस वर्षं
मी पत्रा सरळ करतोय.
दार, मडगार्ड, डिकी; पोचा कुठवर गेलाय
ते डोळे मिटून तळहाताला कळतं.
लांबी भरायची, घासायची, पुन्हा भरायची,
प्रायमर, रंग,
मग गिऱ्हाईक गाडीभोवती दोनदा फिरून विचारतं,
लागलं होतं नेमकं कुठे?

त्या रात्री कोपरखैरणेला, दारात,
स्कूटर स्टँडवर चढवताना
खाली काहीतरी टक्क वाजलं.
खडा असेल म्हणून आणखी जोर दिला.

खडा नव्हता. बोनेट होतं.
(नाव मीच ठेवलेलं. प्रांजलीला राजकन्या हवं होतं.)
पाठीच्या मागच्या कडेची
रुपयाएवढी कपची उडालेली,
खाली गुलाबी, ओलसर,
आणि रक्ताचा एकच थेंब
ऑइलच्या गळतीसारखा सावकाश मोठा होणारा.
डोकं, पाय, शेपूट, सगळं आत.
गाडी लॉक करून मालक निघून जावा, तसं.

माझा हात पहिल्यांदा डब्याकडेच गेला.
लांबी, हार्डनर, पत्ती,
दहा मिनिटांचं काम, सकाळपर्यंत कडक.
नऊ वर्षांची पोर काही बोलली नाही.
डबा उचलला,
मोरीत नेऊन ठेवला,
मोरीला कडी लावली.

वाशीच्या कुरियन डॉक्टरीणबाईंनी
भिंग लावून बघितलं.
"झाकण नाही हे, हाड आहे. जिवंत आहे.
नखाने खाजवलं तरी त्याला समजतं.
बुजवलं तर आतून सडणार.
जखमेला तीन आठवडे,
पाठीला वर्ष. दोन पण लागतील."
मी म्हटलं, आमच्याकडे दोन दिवसांत डिलिव्हरी असते.
त्या हसल्या नाहीत.

नखाने खाजवलं तरी.

चार वर्षं रोज घरी आलो की
बोटाच्या पेराने पाठीवर ठोकायचो,
टक टक, बोनेट उघड!
आत ऐकू जात असेल एवढंच वाटायचं.

आता सकाळी साडेसहाला, नळ यायच्या आत,
सलाइनने धुतो.
मग बीटाडीन, पाणी घालून
फिक्या चहाच्या रंगावर आणलेलं,
कापसाने टिपायचं, पुसायचं नाही.
मग मलम, तांदळाच्या दाण्याएवढं.
अंगठा, तर्जनी, दोन्ही जाड पडतात त्या कामाला,
करंगळी चालते.
बावीस वर्षांत करंगळीला काम असं नव्हतंच.

दिवसभर कोरड्या टॉवेलवर ठेवायचं.
पाण्यात फक्त तासभर, तेही
आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्यात,
वास उडाल्यावर.
बाकीचे तेवीस तास ते रागावलेलं असतं,
टबाची भिंत नखांनी खरवडतं,
खर्र, खर्र, शंभर नंबरचा पॉलिशपेपर.
सुलक्षणा कूस बदलते. म्हणते,
गॅरेज घरी आणलंत शेवटी.

गॅरेजात इर्शाद म्हणतो, उस्ताद, इकडेच आणा की,
मेटॅलिक ग्रीन मारून देतो, वरून लॅकर.
मी हसतो.
पण दुपारी एका दारावर हातोडी उचलली
आणि उगाच
आधी तळहात ठेवून बघितलं.

जखमेवर आता खपली आहे,
सुक्या खारकेसारखी, कडेने घट्ट.
प्रांजली विचारते, पहिल्यासारखं होईल?
नाही होणार. खाच राहील.
मी म्हटलं, बघू.
तिने माझ्याकडे
त्या गिऱ्हाइकांसारखंच बघितलं.

आज एकविसाव्या दिवशी
बोनेटने मान पूर्ण बाहेर काढली,
चिमटीतला जवळा घेतला
आणि जवळ्याबरोबर करंगळीही.
मी ओरडलो. आतून सुलक्षणा हसली.
प्रांजली बाटली घेऊन आली,
पाणी घातलं, रंग उजेडात धरून बघितला,
आणि म्हणाली,
हात हलवू नका बाबा.
टिपायचं असतं.