साउंडवाला

मंडप आपला, कॉलम आपले,
जनरेटर भडगावच्या पाव्हण्याचा.
नागा लोकांचा कार्यक्रम, जळगावात, रिंगरोडच्या लॉनवर,
एवढंच ठाऊक. दुपारचे तीन,
वायरीला हात लावला तर चटका.

आंब्याचं एक खोड त्यांनी
नशिराबादच्या सुताराकडून पोखरून आणलेलं.
मी म्हटलं, ढोल कुठाय?
हसले. म्हणाले, हाच.

सहाजणांनी दांडक्यांनी ते बडवलं
तेव्हा मिक्सरचे लाल दिवे नुसतेच फडफडले.
एकेक बटण खाली ओढत गेलो,
शेवटी स्विचच काढला.

गाणारीनं माइकशिवाय विचारलं,
"मागे आवाज येतो का?"
लाल-काळी शाल, डोक्यावर कागदी पिसं;
चेहरा लागला नाही, आवाज लागला.
बापाच्या शेवटच्या आठवड्यात, रात्रपाळीला,
शीर शोधता शोधता
हीच विचारायची, आमच्या बोलीत, अडखळत,
"बाबा, दुखस का?"
बाप म्हणे, "नई, माय."
दुखायचं.

रेनबेनी.
छातीवर पाटी होती तेव्हाही,
मी आपला "ओ सिस्टर".

गाण्याचा अर्थ तिनं आधीच सांगून टाकला:
धान पेरणारी एक बाई
समोरच्या डोंगराला हाक मारते, बस.
इथं समोर पार्किंग. सातपुडा लांब,
धुरकट, असला तर असला.

शेवटच्या खुर्चीच्याही मागे गेलो,
केळीचे ट्रक उभे होते तिथवर,
आणि हात वर केला:
येतोय.