अंगठ्याला काय लागतं

भोसे फाट्यावर माझं शेतीऔषधांचं दुकान.
लोक पानं आणतात शर्टाच्या खिशात, बिलाच्या कागदात,
एकदा तर हेल्मेटमध्ये अख्खी फांदी.
पोरं मोबाईलवर फोटो दाखवतात.
मी म्हणते, फोटोला पाठ नसते बाबा,
पान आण.

मगदूम सरांचं पहिलं वाक्य तेच होतं:
पान उलटं कर.
दुसरं, अंगठा फिरव.
तिसरं, मग जरा गप्प बस,
लगेच बाटली काढू नकोस.

भुरी वर बसते.
चपात्या झाल्यावर पोळपाटावर उरतं तेवढंच पीठ.
पुसलं की निघतं,
खालचं पान हिरवं, थोडं ओशाळलेलं.
भिंगाखाली उभे मणी दिसतात, एकावर एक, काचेचे,
श्वास सोडला तरी ओघळतील असे.
पावसापेक्षा तिला ढगाळ कोरडी दुपार मानवते.
केवड्याचं सगळं उलटं.
वर भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग,
आणि पोटाशी, दवाच्या सकाळी, कापसाची लव.
असल्या कामाला इतकं सुवासिक नाव
कुणी दिलं असेल?

तांबेरा पोरांनाही कळतो.
देवळामागच्या चाफ्याची पानं खेळून
मायाक्काचा नातू पिवळी बोटं नाचवत आला,
"बिरोबाचा भंडारा!"
मी त्याच्या आजीला खरं सांगितलं,
त्याला नाही.

आणि कोळशी. काळी, पापडासारखी सोलून निघणारी.
ती पानाला खातच नाही,
मिलीबगनं सांडलेल्या गोडावर जगते.
शिव्या मात्र तिला.

रुक्साना मुल्ला भोपळ्याचं पान घेऊन आली, रडवेली.
शिरांच्या बेचक्यात चंदेरी ठिपके.
घासलं, निघाले नाहीत.
म्हटलं, हा रोग नव्हे गं, जन्मखूण आहे,
ह्या वाणाची कातडीच अशी.
तिची तीनशेची बाटली वाचली.
दुसऱ्या दिवशी डबाभर घारगे आले.

परवा सर आले, जिनगोंडा मगदूम, एसटीनं, एकटे.
पायरी चाचपून चढले.
ओल्या रुमालात पाच पानं:
द्राक्ष, घेवडा, जास्वंद, तुळस, पिंपळाचं कोवळं.
"सगळीकडं भुरी आहे. एकच बुरशी, पाचही झाडांवर!
उभ्या आयुष्यात बघितली नव्हती."
मला त्यांनीच शिकवलेलं,
द्राक्षाची भुरी भोपळ्याला लागत नाही,
प्रत्येकीचं घर वेगळं, ताट वेगळं.

मी पानं उजेडात धरली.
उलटी केली. अंगठा फिरवला.
अंगठा कोरडा.
भिंगाखाली शिरा, केस, एक चुकार कोळी,
बाकी सगळं हिरवं.
मग गप्प बसले.

सर माझ्याकडं बघत होते, जरा डावीकडं,
जिथं मी नव्हते.
"बारीक आहे, पण आहे," म्हणाले,
"रात्री तर दिव्याभोवती कडं धरते."

मी त्यांचा हात घेतला,
त्यांचाच अंगठा त्यांच्याच पानांवर फिरवला,
एकेक करून पाचही.
बराच वेळ ते अंगठा बोटावर चोळत राहिले,
पीठ शोधत.
फाट्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या.

"निघत नाही," म्हणाले.
"नाही सर."
"म्हणजे पानावर नाही."
मी भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत होते.
"हां," म्हणाले. "मग माझ्यावर आहे."
आणि हसले, परीक्षेत अवघड प्रश्न
कुणीतरी बरोबर सोडवल्यावर हसायचे तसे.

मिरजेची साडेचारची गाडी होती.
मी शटर अर्धं ओढलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगितलं.
गाडीत खिडकीशी बसल्यावर ते म्हणाले,
"ती पानं वहीत दाबून ठेवलीस ना?
पट्टी निघाली की परत बघू.
तुझी चूकही असू शकते."