खेचर

पवननगरच्या बाजारामागे, एका गाळ्यात
पगार काकांनी चार टीव्ही मांडले होते.
अंबडची कंपनी बंद पडल्यावर त्यांच्याकडे
पगार म्हणून फक्त आडनाव उरलं होतं.
विनोद त्यांचाच. आम्ही नुसते हसायचो
आणि अर्ध्या तासाचे पाच रुपये द्यायचो.

मी एकटी मुलगी, भावाच्या मागे मागे गेलेली.
पोरं म्हणाली, ही कच्चं लिंबू.
म्हणजे मेली तरी कुणी मोजायचं नाही.
मग काय, मी मरतच सुटले.
खड्ड्यात पडून, काटेरी गोळ्याला धडकून,
एकदा तर नुसती उभी राहून, शेंगदाणे खाता खाता.
तीन जीव मिळायचे. संपले की पुन्हा तीन.
मी मारलेल्यांची तर गणतीच नाही,
ते चौकोनी शिपाई पडायचे, लुकलुकायचे, नाहीसे व्हायचे,
आणि मी घरी येऊन वरणभात खायचे.

लाइट गेली की काका उरलेला वेळ
वहीत लिहून ठेवायचे.
हेमांगी, सात मिनिटं बाकी.
मग एका सोमवारी शटर उघडलंच नाही.
काका पिंपळगावला गेले म्हणे, मुलीकडे.

मधलं बरंच आहे, ते इथे नको.

आता सातपूरला असते, दुसऱ्या शिफ्टला.
गेज लावून व्यास तपासते. पास, पास, रिजेक्ट.
घरी यायला साडेबारा. आई झोपलेली,
ओट्यावर झाकलेली भाजी, टीव्हीखाली
हप्त्यावर घेतलेला काळा डबा.
सुरुवातीला लावायचे ते फक्त डोकं रिकामं करायला.

या खेळात मीठ वाहणारी एक बाई आहे
आणि तिचं खेचर, डावा कान फाटका.
त्याचं नाव काय, असं खेळाने विचारलं
तेव्हा घाईत मी नुसतं बटण दाबलं होतं: अअ.
चाळीस रात्री झाल्या, आम्ही डोंगर चढतोय.
आता तीच हाक झालीय, दुसरा अ जरा लांब.
थंडी वाढली की ते अंगाला चिकटून उभं राहतं,
त्याचा श्वास माझ्या तळव्यात थरथरतो.
तसली मोटर मी उघडून पाहिलीय.
वाटाण्याएवढी, एका बाजूला जड.
आमच्याकडे असा तोल गेलेला पार्ट
सरळ लाल पेटीत जातो.

काल पुलाशी आलो.
पूल एकाच्याच वजनाचा.
मिठाचं पोतं पाठीवर घे आणि पुढे जा, खेळ म्हणाला.
मी ऐकलं नाही. काठाकाठाने वर गेले, खाली आले,
शेवटी त्याला घेऊन पाण्यातच उतरले.
आमच्या गावात पूर मोजतात मारुतीवर,
गुडघा, छाती, गळा, अख्खं नाशिक बघायला जातं.
इथे मोजायला फक्त अअ होतं.
गुडघा.
छाती.
मी मागे फिरले.
तीन वेळा उतरले, तीन वेळा फिरले,
आणि कुणीच मला कच्चं लिंबू म्हणेना.

आई उठून आली. रडतेयस? कोण गेलं?
अजून कुणी नाही, म्हटलं. खेचर आहे.
आईने पडद्याकडे पाहिलं. चष्मा नव्हता.
म्हटलं आता बोलेल, एवढी घोडी झालीस,
सकाळी पाणी भरायचंय, बंद कर ते.
ती सोफ्याच्या कडेला टेकली.
बराच वेळ पाण्याचा आवाज ऐकत राहिली.
मग म्हणाली, त्याने काही खाल्लंय का?

बटण दाबायचं बाकी होतं. ते मी दाबलं नाही.
अंगठ्याला थुंकी लावली,
मूठ टीव्हीसमोर धरली,
टाइम प्लीज.
वहीत बघा पाहिजे तर.
माझी सात मिनिटं आहेत अजून.