आनंदवाडी, रात्री अकरा चाळीस

बंदर खात्याच्या वहीत मी फक्त पाणी लिहिते.
तारीख, वेळ, मीटर, सेंटिमीटर.
शेऱ्याचा रकाना बहुधा कोराच जातो.
त्या रात्री लिहायला होतं, पण तिथे बसेना.
म्हणून इथे.

जेटीवरची वीज साडेसातलाच गेली.
रफिक सोलकरनं प्रोजेक्टर उचलून आपल्या ट्रॉलरवर नेला,
बॅटरीला जोडला,
आणि समोर बर्फ कारखान्याची भिंत होतीच,
खाऱ्या वाऱ्यानं पोपडे धरलेली.
कुडाळहून आलेल्या मिराशी बाई म्हणाल्या,
दोन सिनेमे आहेत. दोन्ही बघा
आणि कशात काय हलतं ते सांगा.
वर्गात बसल्यासारखं वाटलं.

पहिल्यात कॅमेरा जागचा हलत नव्हता.
एक बाई, एक स्वयंपाकघर, डावीकडे दार.
ती यायची, तांदूळ निवडायची, निघून जायची,
आणि आपण तिथेच, सुपाकडे बघत.
एकदा टोपावरचं झाकण थरथरलं
तर पोरं ओरडली, "हाल्लां, हाल्लां!"

पण भरती लागली होती.
मला ठाऊक होतं,
सहाच्या नोंदीला मीच पाणी वळताना बघितलं होतं.
ट्रॉलर वर येत होता
आणि त्याच्याबरोबर ते सगळं घर,
चूल, सूप, दार,
बोटाबोटानं भिंत चढत होतं.
भिंतीत एक खिळा आहे, बर्फाच्या पावत्या टोचायचा.
तो आधी बाईच्या कपाळाशी होता.
मग गळ्याशी.
मग पदराशी.
दीड तासानं तिचं डोकं पत्र्याच्या वर गेलं
आणि काळोखात सांडलं.
रफिकजवळ पाचर होती.
कुणीच बोललं नाही.
शेवटी आम्ही नुसते हात बघत राहिलो,
आणि ते हात कुणाचे हे
कुणालाच विचारावं लागलं नाही.

मग पाचर मारली. चहा झाला.

दुसऱ्यात एक पोरगा भावाचे बूट छातीशी धरून
अख्ख्या शहरातून पळतो.
कॅमेरा त्याच्या टाचांना चिकटलेला.
जिने, गच्च्या, बसची मागची शिडी,
दोरीवरची ओली कापडं तोंडावर.
चाळीस वर्षं दर्यावर काढलेला धाकू कुबल
कोरड्या जमिनीवर बसून ओकायच्या बेतात आला.
"पयल्या पिक्चराक नांगर होतो," तो म्हणाला,
"ह्येचो दोर तुटलो."
आणि त्यानं नजर नेऊन त्या खिळ्याला बांधली.

मीही बांधली.
तेव्हा कुठे पोरगा पळताना दिसला मला.
तोवर नुसतं शहर अंगावर येत होतं,
आता तो खिळ्यावरून जात होता,
बूट, कोपर, उसवलेली कॉलर.
एवढ्या धावपळीत त्याचा चेहरा मात्र
एकदाही बदलला नव्हता.
त्या बाईचा, जिथं काहीच हलत नव्हतं,
दर खेपेला वेगळा असायचा.
हे मी मिराशी बाईंना सांगणार होते.

अकरा चाळीसला पाणी उभं राहिलं.
ते कानाला कळतं,
खडकांशी चाललेली कुजबुज बंद होते.
ट्रॉलर दोरावर सैल पडला
आणि नेमका त्याच वेळी, माझ्या नशिबानं म्हणा,
भिंतीवरचा कॅमेराही थांबला.
पोरगा पुढे गेला.
रिकामा रस्ता, एक कुत्रं,
मध्ये खिळा.

मला उठावं लागलं.
बॅटरी घेऊन मापपट्टीपाशी गेले,
वाकून आकडा बघितला,
दोन मीटर एकसष्ट.
मागे कुणीतरी हसलं, मग टाळ्या वाजल्या.
बूट भावाला पोचले की नाही
मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

सकाळी कारखान्यावरून गेले
तर खिळ्याला तीन पावत्या,
सव्वीस लाद्या, सोलकर,
आणि वाऱ्यानं त्या हलत होत्या.